डावीकडचा माणूस

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. साउंड कार्ड ठीक होतं, वायर ठीक होती, हेडफोन ठीक होता, आणि कॉम्प्युटर चालवणारी, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली ती लिनक्स नावाची प्रणाली, तीही ठणठणीत होती. गेला होता तो भावोजींचा डावा कान. असा एका सकाळी अचानक गेलेला कान लगेच डॉक्टरकडे धावलं तर कधीकधी परत येतो, आणि उशीर केला की बहुतेक येत नाही. हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. धावायचे जे दिवस होते, ते भावोजींनी यूएसबीचं साउंड कार्ड दुरुस्त करण्यात घालवले.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारं एक वाचनालय आहे, तिथे त्यांनी उभा जन्म आवाज तपासायचं काम केलं. वाचक मंडळी काचेच्या खोलीत बसून पुस्तक वाचतात, ते रेकॉर्ड होतं, आणि मग भावोजी घरी बसून ते अथपासून इतिपर्यंत ऐकतात. पान उलटल्याचा आवाज काढायचा, आवंढा गिळल्याचा काढायचा, उच्चार चुकला असेल तिथे खूण करून परत वाचायला पाठवायचं. एकदा त्यांनी नुसतं ऐकून सांगितलं होतं, की या गृहस्थांनी आज नवे बूट घातलेत आणि ते त्यांना चावतायत. निघालं खरं. तेव्हापासून वाचनालयात सगळे त्यांना कानसाहेब म्हणायला लागले. भावोजी वरवर 'काहीतरीच तुमचं' म्हणायचे, पण आतून हरभऱ्याच्या झाडावर चढलेले असायचे.

घरात मात्र या कानाचा कुणाला काही उपयोग नव्हता. त्यांचं टेबल भिंतीला स्क्रूने बसवलेलं, डाव्या हाताला खिडकी, आणि खिडकीपाशी ताईची खुर्ची. ताई शिंप्याकडचं काज-बटणाचं काम घरी आणून करते, तिला उजेड लागतो. ती बटणं लावता लावता बोलत असायची आणि भावोजी हेडफोन चढवून बसलेले असायचे. ती काही विचारायची, मग थोड्या वेळाने स्वतःच उत्तर देऊन टाकायची. संसार झाला की असं व्हायचंच. मी बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर असते. गर्दीशी बोलून बोलून माझा आवाज असा झालाय, की मी दारात पाऊल टाकलं की भावोजी हेडफोन न काढताच म्हणायचे, "मेहुणीबाई आल्या. आवाजाची पट्टी लाल झाली."

कॉम्प्युटर वाचनालयाने टाकून दिलेला होता. त्यावर भावोजींनी लिनक्स चढवून घेतली आणि तिच्या प्रेमातच पडले. ही प्रणाली फुकट आहे म्हणून नव्हे. तिचं झाकण उघडता येतं म्हणून. आवाज आत कुठून येतो, कुठे वळतो, कुणाच्या हातात जातो, सगळं लिहिलेलं सापडतं आणि बदलताही येतं. "ही काही लपवत नाही," ते म्हणायचे. माणूस लग्नाच्या बायकोबद्दल इतकं चांगलं बोलत नाही.

त्या सकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या आणि सगळा घोळ तिथेच झाला. भावोजींनी प्रणालीची नवी आवृत्ती चढवली. आणि त्याच सकाळी केव्हातरी, झोपेत म्हणा, दात घासताना म्हणा, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत म्हणा, त्यांचा डावा कान गेला. दुखला नाही, वाहिला नाही, काही नाही. हेडफोन चढवला तर डावीकडे सामसूम.

हातात पुस्तक होतं ते नवरा-बायकोच्या संवादाचं. अशा पुस्तकाला दोन वाचक असतात. एकाचा आवाज डावीकडे ठेवतात, दुसरीचा उजवीकडे, म्हणजे ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते चटकन कळतं. उजवीकडच्या बाई विचारत होत्या, "काल तुम्ही कुठे होतात?" आणि डावीकडचा माणूस उत्तरच देत नव्हता. बाई थोडं थांबायच्या आणि पुढचं विचारायच्या. मी दुपारी पाळी संपवून गेले तेव्हा भावोजी हसत होते.

"बघ, नव्या आवृत्तीने एका नवऱ्याला मुका केला."

"तुमच्या घरी तर जुन्या आवृत्तीपासूनच आहे की," मी म्हटलं.

ताई खिडकीपाशी खूप हसली. भावोजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मला वाटलं, कामात आहेत.

बिघाड शोधायची त्यांची एकच पद्धत होती, अदलाबदल. ज्या वस्तूचा संशय आहे ती काढायची, चांगली लावायची. दोष गेला तर तीच दोषी. नाही गेला तर ती निर्दोष, पुढची घ्या. त्यांनी हेडफोनला आवाज पुरवणारं ते कार्ड यूएसबीच्या दुसऱ्या खाचेत लावलं. वायर बदलली. वाचनालयातून दुसरा हेडफोन आणला, तोही डावीकडे मुका. दुसऱ्या बनावटीचं कार्ड आणलं, तेही डावीकडे मुकं. मग त्यांनी मला समोर बसवून बोटांवर मोजत समजावलं. दोन हेडफोन एकाच बाजूने बिघडत नाहीत. दोन कार्डं एकाच बाजूने बिघडत नाहीत. उरलं काय? प्रणाली. आणि ती तर त्याच सकाळी बदलली. बिनतोड होतं सगळं. मी मान डोलावली. अदलाबदलीतून फक्त एकच वस्तू राहून गेली होती, आणि तिच्यावरच तो हेडफोन चढवलेला होता.

मग ते त्या काळ्या खिडकीत शिरले, जिथे आज्ञा टाइप करतात. कार्ड प्रणालीला दिसतंय का? दिसतंय. कुठे मुकं करून ठेवलंय का? नाही. डाव्या-उजव्याचा तोल एकीकडे झुकलाय का? बरोबर मध्यावर. तिथे एक चाचणी आहे. तिची आज्ञा दिली की रेकॉर्ड केलेली एक बाई आधी डावीकडून 'फ्रंट लेफ्ट' म्हणते आणि मग उजवीकडून 'फ्रंट राइट'. भावोजींना फक्त दुसरं ऐकू यायचं. पडद्यावर मात्र आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातली डावी पट्टी 'लेफ्ट'च्या वेळी छान हलायची. मी ते पाहिलं आणि विचारलं, "अहो, हलतेय की डावी."

"पट्टी काय, सॉफ्टवेअर हलवेल तशी हलते," ते म्हणाले. "कान खोटं बोलत नाही."

त्यांनी जुनी आवृत्ती परत चढवली. फरक नाही. म्हणजे नवीने जाता जाता मागे काहीतरी सोडलं असणार. मग सगळी डिस्क पुसून नव्याने सुरुवात. फरक नाही. मग आवाज हाताळणारा भाग काढून त्याच्या जागी दुसरा बसवला. त्याने उजवीकडचाही आवाज गेला, तर भावोजींना केवढा आनंद! काहीतरी हललं, म्हणाले. उजवा परत आणण्यात दिवस गेला. दिवस असेच जात होते, आणि एकेक दिवस त्या कानाच्या खात्यातून जात होता.

मला त्या प्रणालीचा राग नाही, पण त्या उघड्या झाकणाचा येतो. बंद पेटी असती तर भावोजींनी दुसऱ्या दिवशी हात टेकले असते, पेटी उचलून दुकानात नेली असती, आणि दुकानदाराने स्वतःच्या डोक्यावर हेडफोन चढवून म्हटलं असतं, "काका, वाजतंय की दोन्हीकडे." पण इथे नेहमी आणखी एक फाइल असायची, आणखी एक ओळ बदलायची बाकी असायची. आशा संपतच नव्हती. माणसाची आशा अशी पुरून उरायला लागली की त्याच्याजवळून कुणीतरी ती काढून घ्यायला हवी. आमच्यात तेवढी अक्कल कुणाला नव्हती.

इंटरनेटवर या प्रणालीवाल्यांची एक चावडी आहे. तिथे अडचण लिहायची, मग कुठकुठले लोक उत्तरं देतात. भावोजींनी आपली अडचण तिथे नीट टापटिपीने मांडली. लोकही भले. हे करून बघा, ते करून बघा. त्यात घुबडाचं चित्र लावलेला एक जण होता. त्याने पहिल्याच दिवशी एवढंच विचारलं होतं, "हेडफोन उलटा घालून बघितलात का? डावा उजवीकडे?"

भावोजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी उत्तर लिहिलं, की आपला सल्ला नवख्यांसाठी ठीक आहे, मी व्यवसायाने आवाज तपासनीस आहे. मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "आता मला हेडफोन घालायला शिकवणार हा." तो हेडफोन त्यांनी इतकी वर्षं एकाच बाजूने घातला होता, वायर डाव्या खांद्यावरून. उलटा घालणं म्हणजे त्यांना सदरा पाठीकडून घातल्यासारखं. घुबडाने पुन्हा काही लिहिलं नाही. सभ्य माणूस. मेल्याने जरा भांडायला हवं होतं.

बाकी खुणा काय कमी होत्या? डाव्या कानात शीं असा बारीक आवाज यायचा. भावोजी म्हणाले, यूएसबीतून वीज गळतेय, त्याची गुणगुण आहे. ती घालवायला त्यांनी वायरीला लोखंडी मणी लावले. हेडफोन काढल्यावरही आवाज यायचा, तर म्हणाले, दिवसभर ऐकून कानात बसलाय. उठताना तोल जायचा, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. चष्म्याचा नंबर बदलला असेल. आणि ताई. ताई डावीकडून बोलायची आणि त्यांच्याकडून हूं नाही की चूं नाही. हेडफोन गळ्यात असला तरी नाही. एक दिवस तिने मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "यांचं माझ्यावर काही बिनसलंय का गं? मी काय केलं?" मी बाहेर येऊन भावोजींना झापलं. ते भांबावून म्हणाले, "मला कधी हाक मारली तिने?" माझं सगळं ऐकू आलं होतं त्यांना. माझ्या आवाजाला कुठलाही कान चालतो.

तिकडे वाचनालयात पुस्तकाची वाट पाहत होते. शेवटी भावोजींनी तोड काढली. बिघाड सापडेल तेव्हा सापडेल, तोवर डावीकडचा आवाज वाढवून काम उरकू. वाढवत वाढवत पार टोकाला नेला, तेव्हा कुठे तो माणूस त्यांना भिंतीपलीकडून बोलल्यासारखा ऐकू आला. तो ऐकू येत होता उजव्याच कानाला, हाडांतून झिरपून, हे पुढे कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. भावोजींनी तसंच सगळं पुस्तक तपासलं आणि पाठवून दिलं.

दोन-तीन दिवसांत ग्रंथपालबाईंचा फोन आला. मी तिथेच होते. फोन ताईने घेतला आणि बाईंचं बोलणं तसंच भावोजींना सांगितलं. पुस्तक नेलेले एक आजोबा म्हणतायत, डावीकडचा माणूस माझ्या कानात बोंबलतोय, बाई मात्र बऱ्या बोलतात. त्या माणसाला आवरा.

"अशक्य," भावोजी म्हणाले. "आजोबांचं मशीन खराब असेल." आणि रागारागाने त्यांनी हेडफोन काढून ताईच्या डोक्यावर चढवला. "ऐक. तूच सांग. डावीकडचा येतो तरी का ऐकू?"

ताई किंचाळलीच. दोन्ही हातांनी हेडफोन उपटून तिने त्यांच्यापुढे धरला. "अहो, केवढ्याने ओरडतोय तो! माझ्या कानाचे पडदे फाटले असते!"

भावोजींनी तिच्या हातून तो घेतला आणि तसाच डोक्यावर घातला. तिने धरला होता उलटा. वायर उजव्या खांद्यावर आली. आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी बसल्या जागची उठले. डावीकडचा माणूस बोलत होता, इतक्या दिवसांनी, उजवीकडून. आता बाई गप्प होत्या. त्यांनी हेडफोन काढला, सरळ घातला. काढला, उलटा घातला. पुन्हा सरळ. मग त्यांनी चाललेलं काम साठवलं, कॉम्प्युटर शिस्तीत बंद केला, आणि त्या बंद पडद्यासमोर मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

"काय झालं?" ताई डावीकडून विचारत होती. "अहो, काय झालं?"

मी तिला दंडाला धरून दुसऱ्या बाजूला आणलं.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांच्याकडे एक कापसासारख्या मऊ भिंतींची खोली आहे. आत बसायचं, हेडफोन घालायचा, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून आम्हाला भावोजी दिसत होते. उजव्याच्या वेळी अंगठा सारखा चालू होता. डाव्याच्या वेळी ते ताठ बसून राहिले, डोळे मिटून, अंगठा बटणावर तसाच. चाचणी घेणाऱ्या मुलीने दार उघडलं, तेव्हा त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, "तुमचं मशीन डावीकडे नीट चालतं ना?"

"हो काका. तुमच्या आधीच एक आजी तपासून गेल्या."

"वायर बदलून बघाल का एकदा?"

मुलीने खरंच वायर बदलली. देव तिचं भलं करो. मी मात्र तोंडाला पदर लावून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भावोजींनी प्रणालीच्या आवृत्तीचा आकडा सांगितला. मग ओशाळून तारीख सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाल्या, की असा कान गेला तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच औषधाचा काही उपयोग होण्याची शक्यता असते. गोळ्या देते, पण खोटी आशा दाखवणार नाही. नस कशाने गेली तेही सांगता येत नाही.

"आणि उजवा?" ताईने विचारलं.

"उजवा आत्ता चांगला आहे."

त्या 'आत्ता'ने ताईच्या तोंडचं पाणी पळालं. भावोजींना तो शब्द ऐकू आला की नाही, कळलं नाही. बाई त्यांच्या डावीकडे बसल्या होत्या.

गोळ्यांनी काही झालं नाही. भावोजींनी ते पुस्तक पुन्हा केलं, कानाने नाही, पट्ट्या बघून, ज्या पट्ट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. संवादाची पुस्तकं वाचनालयाने दुसऱ्या कुणाकडे दिली. एकच वाचक असलेली साधी पुस्तकं येतात, तीही आता बेताने. ग्रंथपालबाई फारच चांगल्या बोलतात. तिथे त्यांना आता कुणी कानसाहेब म्हणत नाही, आडनावाने हाक मारतात. दया आली की लोक चेष्टा सोडतात, आणि ते भावोजींना फार लागलं. मला ते कधी बोलले नाहीत. ताईला बोलले.

त्या चावडीचा एक रिवाज आहे. ज्याने अडचण मांडली त्याने शेवटी उपाय काय निघाला ते लिहायचं आणि अडचणीच्या मथळ्यापुढे 'उत्तर मिळालं' असं लावायचं, म्हणजे पुढच्याला शोधता येतं. भावोजींनी हे बरेच दिवस टाळलं. तेवढ्यात तिथे कुणीतरी लिहिलं, "माझ्याकडेही डावीकडचा आवाज गेलाय, काही उपाय सापडला का?" ताईने ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि त्यांच्या मागेच लागली. "लिहा. त्याचे दिवस अजून शिल्लक असतील." भावोजी लाजेने लाल झाले होते, पण त्यांनी लिहिलं. मशीन ठीक आहे, हेडफोन उलटा घालून बघा, तरी डावीकडेच ऐकू येत नसेल तर आजच्या आज डॉक्टरकडे जा, मी गेलो नाही. घुबडाचीही नाव न घेता माफी मागितली. मथळ्यापुढे 'उत्तर मिळालं' लावलं.

त्या माणसाचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. आभारी आहे, माझी वायर सैल होती.

"बरं झालं बाई," ताई म्हणाली. मला सांगायला लाज वाटते, पण मला त्या माणसाचा हेवा वाटला.

ताईने आपली खुर्ची उजवीकडे आणली. तिथे उजेड नाही. सुईत दोरा ओवायला ती खिडकीशी जाते आणि ओवून परत येऊन बसते. टेबल फिरवून घ्या असं मी दहादा म्हटलं. भावोजी 'करू, करू' म्हणतात. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलेला मी त्यानंतर पाहिलेला नाही.

परवा सुट्टी होती म्हणून मी सकाळीच गेले. भावोजी कॉम्प्युटर सुरू करत होते. ताई चहाचा कप घेऊन आली होती, तो तिने टेबलावर ठेवला नाही, हातात धरून उजवीकडे उभी राहिली. मी काही बोलणार तर तिने मला हाताने थांबवलं. भावोजींनी हेडफोन चढवला आणि ती चाचणी लावली. पडद्यावर डावी पट्टी हलली. त्यांना काही ऐकू येणार नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण त्यानंतर ती बाई उजवीकडून बोलेपर्यंत जी जागा राहते, तेवढ्यात ताईने श्वास रोखून धरला होता. भावोजींनी डोळे मिटले होते. अगदी तसेच, त्या मऊ खोलीत मिटले होते तसे.

"उजवा आहे," भावोजी म्हणाले.

ताईने कप टेबलावर ठेवला. "रोज करतात," ती मला हळूच म्हणाली आणि सुई ओवायला खिडकीशी गेली.